दुसऱ्याच्या पंगतीचं ताट

युरोपसाठी चीनमध्ये घडलेल्या जुन्या ताटांना रुंद, सपाट काठ असतो. या काठाचं चिनी जेवणात काहीच काम नाही. चिनी माणूस वाडगा उचलून तोंडाशी नेणार आणि काड्यांनी भात आत ओढणार. काठ हवा होता तो सुरी-काट्यानं जेवणाऱ्याला; मीठ-मोहरी बाजूला काढून घ्यायला, आणि पदार्थ कापताना मध्ये मोकळी जागा राहायला. म्हणून 1635 साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या तैवानमधल्या माणसांनी लाकडाचे नमुने कातून घेतले आणि चिनी व्यापाऱ्यांच्या हाती दिले. असं करून आणा. जिंगडेझेनच्या कुंभारांनी ते करून दिलं. त्या ताटात कोण, काय आणि कसं जेवतं, हे त्यांच्यातल्या बहुतेकांनी जन्मात पाहिलं नसणार.

आपल्या ताटाचा काठ उभा, कारण आपल्याला आमटी थोपवायची असते. ज्याचं जेवण तसं त्याचं भांडं, यात नवल नाही. नवल आहे ते एकाच्या जेवणाचं भांडं दुसऱ्यानं अर्ध्या पृथ्वीपलीकडून घडवून देण्यात, आणि तेही तीन शतकं. पोर्तुगीज आधी आले, 1557 पासून मकावला ठाण मांडून बसले. मग डच, मग इंग्रज, फ्रेंच, स्वीडिश, डॅनिश, शेवटी अमेरिकन. एकट्या डच कंपनीनं चार कोटींहून जास्त नग नेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मकावहून लिस्बनला जाणारा माल गोव्यावरून जायचा, त्यामुळे त्यातला थोडा गोव्यात उतरून राहिला. सासष्टीतल्या जुन्या घरांत तो अजून दिसतो. चांदरचं ब्रागांझांचं घर पाहायला जाणाऱ्यांना तिथली चिनी भांडी दाखवतातच. अशाच एका दुसऱ्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या घरात मला एक ताट हातात घेऊ दिलं होतं. वजनाला अपेक्षेपेक्षा हलकं. उजेडाकडे धरलं तर मागच्या बोटांची सावली आरपार दिसत होती. टिचकी मारल्यावर काशाच्या वाटीसारखा आवाज आला. मध्ये निळ्या रंगाची फुलं आजही टवटवीत होती, पण काठावरची सोन्याची वेल जवळजवळ पुसली गेली होती, आणि जिथे वाढणाऱ्याचा अंगठा पडत असणार तिथे तर तिचा मागमूस नव्हता. तिरकं धरलं की मधल्या भागावर सुरीचे बारीक ओरखडे चमकत. निळा टिकतो आणि सोनं जातं, याला साधं कारण आहे. कोबाल्टचा निळा रंग झिलईच्या खाली असतो, भांड्याबरोबर तेराशे अंशांच्या आसपास भाजला जातो. सोनं आणि लाल रंग झिलईवर चढवून दुसऱ्यांदा मंद आचेवर पक्के करतात. वरवरचं ते वरवरचंच.

आम्ही रायपूरचे. समुद्र इथून कुठल्याही दिशेनं लांब. भोसल्यांच्या राज्यकारभाराबरोबर मराठी माणसं छत्तीसगडात आली, आधी रतनपूरला. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू यानं कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं, तसे लोकही इकडे सरकले. तात्यापारा, बूढापारा ही आमची जुनी वस्ती. तिथल्या आमच्या घरात चिनी मातीला दोनच ठिकाणी प्रवेश होता. एक म्हणजे लोणच्याच्या बरण्या: वर तपकिरी, खाली पांढरट, तोंडाला दादरा बांधलेल्या, माळ्यावर ओळीनं. आणि दुसरं म्हणजे एक निळी बशी, जी कपाटावर उभी करून ठेवलेली असे आणि जिच्यात कुणी कधी काही खाल्लं नाही.

आजीचा हिशेब पक्का होता. पितळ उष्टं झालं तर चिंच आणि राख लावून शुद्ध होतं. मातीचं भांडं उष्टं झालं की उकिरड्यावर. "आणि चिनी माती म्हणजे मातीच की गं, कितीही चकाकू दे." मग लोणचं कसं चालतं तिच्यात, असं विचारलं की ती म्हणायची, "पितळेत आंबट कळकतं. शिवाय बरणीला ओला हात लावतंय कोण?" म्हणजे बरणी सोवळ्यात बसायची ती मातीच्या गुणानं नव्हे, तर तिला कुणी शिवत नसल्यामुळे. पुढे चहा आला आणि त्याच्याबरोबर कपबशा. त्यांना स्वयंपाकघरात जागा मिळाली नाही. त्या माजघराच्या फडताळात. आजोबा बशीत ओतून फुर्रकन चहा प्यायचे, आजी फुलपात्रातून. युरोपात पोर्सलीन थेट जेवणाच्या टेबलावर जाऊन बसलं. आमच्याकडे त्याला उंबऱ्यावर दोन पिढ्या तिष्ठावं लागलं.

आता शास्त्रच सांगायचं तर आजीच्या बरण्या पोर्सलीनच्या नव्हत्याच. ते दगडी जातीचं भाजकाम, उजेड आरपार न जाणारं. तिकडे सौराष्ट्रात थानगढला परशुराम पॉटरी उभी राहिली, तिच्यामागे गणपुळे हे मराठी नाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. असल्या कारखान्यांनी घरोघरी बरण्या पोचवल्या. त्यांना कुणी कलावस्तू म्हटलं नाही. पण कैरीचं लोणचं त्यांनी वर्षभर टिकवलं, आणि मला विचाराल तर संग्रहालयातल्या निम्म्या फुलदाण्यांपेक्षा त्या जास्त देखण्या आहेत.

निळ्या बशीचं तसं नाही. ती घरातली मानाची चिनी वस्तू. पणजोबा रेल्वेत होते. कुठल्याशा साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव निघाला, त्यात त्यांनी ती घेतली असं सांगत. बशीवर पॅगोडा, पाण्यावर झुकलेलं वाळुंजाचं झाड, पुलावरून जाणारी तीन माणसं आणि वर आकाशात दोन पक्षी. अस्सल चीन! उलटी केली तर मागे निळ्याच शाईत शिक्का आहे: इंग्लंड. अमेरिकेनं 1891 पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून असे शिक्के सर्रास पडू लागले. म्हणजे बशी त्यानंतरची. हा नमुना अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कारखानदारांनी चिनी चित्रांची मोडतोड करून जुळवला. छापायचं तंत्र आधीच आलेलं होतं, आणि मग माल खपवायला एक गोष्टही रचली गेली: मंदारिनाची मुलगी, गरीब कारकून, दोघांचं पळून जाणं, शेवटी त्यांचे पक्षी होणं. चीनमध्ये ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. युरोपनं आधी चीनला आपली ताटं करायला लावली, आणि पुढे स्वतःच चीन तयार करून आम्हाला विकला.

(छत्तीसगडला खऱ्या चीनची ओळख त्याच्या बरीच आधी झाली होती. महानदीकाठी सिरपूरला मोरेश्वर दीक्षितांनी 1950च्या दशकात उत्खनन केलं, त्यात काय-युआन अक्षरं असलेलं एक तांब्याचं चिनी नाणं मिळालं. ते कुणाच्या कनवटीला बांधून आलं असेल, हा विचार करत बसायला मला आवडतं.)

युरोपला ही भांडी स्वतः करता येत नव्हती, तोवर त्यांची किंमत वेडी होती. 1603 मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातल्या सुमारे एक लाख नगांचा पुढल्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलाव झाला, आणि गिऱ्हाइकांत फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे होते. 1717 मध्ये सॅक्सनीच्या ऑगस्टसनं प्रशियाच्या राजाला आपले 600 घोडेस्वार शिपाई दिले आणि बदल्यात 151 चिनी भांडी घेतली. गंमत म्हणजे, तोवर त्याच्याच माइसेनला युरोपातला पहिला पोर्सलीनचा कारखाना सुरू होऊन सात वर्षं झाली होती. तरी हव्यास सुटला नव्हता. शिपायांना कुणी विचारलं असण्याची शक्यता नाही.

हे सगळं झालं गिऱ्हाइकांच्या बाजूचं. करणाऱ्यांकडे पाहायचं तर आंत्रकोल नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याकडे जावं लागतं. तो जिंगडेझेनला राहिला आणि 1712 व 1722 मध्ये त्यानं दोन लांबलचक पत्रं लिहिली. त्यात माती कुठून येते, दगड कसा कुटतात, भट्टी कशी रचतात, सगळं आहे. चित्रकामाबद्दल तो सांगतो की एक जण काठाखालची रेघ मारतो, दुसरा फुलाची बाह्यरेषा, तिसरा रंग भरतो. डोंगर-पाणी एकाचं, पक्षी-प्राणी दुसऱ्याचे. एक भांडं पुरं होईपर्यंत सत्तर हातांतून जातं. ज्या ताटाची स्तुती करताना आपण कारागिराची मेहनत असं एकवचनात बोलतो, त्याला कारागीर सत्तर.

पण त्या पत्रातली माझ्या मनात रुतून बसलेली गोष्ट वेगळी आहे. युरोपसाठीचे नमुने दरवेळी नवे, विचित्र आणि करायला अवघड असत. त्यात जरा खोट निघाली की व्यापारी तो नग नाकारत. नाकारलेला माल कुंभाराच्या गळ्यात. तो चीनमध्ये विकावा तर चिनी माणसाला ते रूप आवडत नाही, घेणार कोण? मग जे नग पसंत पडले, त्यांच्या किमतीत या वाया गेलेल्यांचा खर्च वसूल करावा लागे. भाजलेलं पोर्सलीन पुन्हा माती होत नाही. फुटकं असो वा नापसंत, ते तसंच राहतं. शंभर वर्षांनी, 1815 मध्ये, जिंगडेझेनच्याच एका चिनी ग्रंथात या परदेशी मालाची नोंद थोडक्यात उरकली आहे: कँटनचे व्यापारी नेतात, आकार चमत्कारिक, दरसाल नमुना वेगळा. त्या नोंदीतला सूर मला ओळखीचा वाटतो. दिवाळीआधी कामानं वाकलेल्या शिंप्याच्या तोंडी असतो तो.

फर्माईशीही तशाच. इंग्लंडातल्या हजारो घराण्यांनी आपापली कुलचिन्हं कँटनला पाठवून ताटांचे संच काढवून घेतले. जिंगडेझेनची पांढरी ताटं नदीनं, मग खिंडीतून हमालांच्या खांद्यावरून, पुन्हा नदीनं कँटनला येत आणि तिथे त्यांच्यावर रंग चढे. ऑर्डर दिल्यापासून ताट हाती यायला दोन वर्षं सहज लागत. स्टॅफर्डशरच्या लीक ओकओव्हर नावाच्या गृहस्थानं 1740च्या सुमाराला पाठवलेला रंगीत नमुना अजून शिल्लक आहे. त्यावर, चिनी ताटासाठी नमुना, परत पाठवावा, अशा अर्थाची सूचना लिहिलेली आहे. ली घराण्याच्या संचात काठावर एकीकडे लंडन आणि दुसरीकडे कँटनचं बंदर रंगवलंय. युरोपीय चित्रांवरून ग्रीक देव, येशूचे प्रसंग, शिकारीची दृश्यं, सगळं उतरवलं गेलं. आणि तिथे कारागिराचा हात लपत नाही. व्हीनसचे डोळे किंचित लांबट होतात. पाद्र्याच्या झग्याच्या चुण्या चिनी ढगांसारख्या वळतात. जाणकार या ताटांना हसतात, संकरित म्हणून नाक मुरडतात. मला त्या लांबट डोळ्यांपाशीच थांबावंसं वाटतं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करताना आपलं जेवढं सुटतं, तेवढं ते आहे.

जहाजांवर मात्र या ताटांची ऐट नव्हती. खरा माल चहा. चहाला ओल लागली की संपलं. पोर्सलीनला पाण्याचं भय नाही. म्हणून भांड्यांच्या पेट्या तळाशी आणि चहा वर. 1752च्या जानेवारीत ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच जहाज परतीच्या वाटेवर खडकावर आदळून बुडालं. चहा समुद्रात मिसळला. दीड लाखाच्या आसपास भांडी मात्र 1985 मध्ये वर काढली तेव्हा बरीचशी धड होती, आणि पुढच्या वर्षी त्यांचा ॲमस्टरडॅमला लिलाव झाला. पावणेतीनशे वर्षांपूर्वी तळाशी भरलेला माल लाखमोलाचा ठरला.

आणि या सगळ्याचे पैसे कुणी दिले? चीनला युरोपचं फारसं काही नको होतं, चांदी तेवढी हवी होती. इंग्रजांना चांदी देणं जड झालं तसा त्यांनी हिंदुस्थानचा माल पुढे केला. आधी गुजरातचा कापूस मुंबईहून कँटनला जाऊ लागला, मग अफू. बंगालची अफू कंपनीची, पण माळव्याची अफू पिकायची शिंदे-होळकरांच्या मुलखात, आणि तिच्यावरच्या जकाती मराठी संस्थानांच्या तिजोरीत पडायच्या. आपला हात या धंद्यात होता, तो आपण इतिहास सांगताना बहुतेक वेळा पदराआड ठेवतो.

मुंबईचे जमशेटजी जीजीभाई 1799 मध्ये पहिल्यांदा चीनला गेले, पुढे आणखी चार खेपा केल्या, आणि कापूस व अफूच्या व्यापारातून अमाप पैसा मिळवला. त्यातल्या एक लाखाच्या देणगीतून 1857 मध्ये जे. जे. कलाशाळा निघाली. आणि 1870च्या दशकात त्याच शाळेत जॉर्ज टेरी या इंग्रज शिक्षकानं मातीकामाचा विभाग चालवला. सिंधी कुंभारांची हिरवी-पिवळी झिलई घेतली. त्याच सुमारास शाळेतलेच शिक्षक ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या चित्रांतल्या आकृती या भांड्यांवर आल्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी आहेत, अवश्य पाहा. त्यांचं गिऱ्हाईक कोण? साहेब, त्यांच्या मडमा आणि विलायतेतली प्रदर्शनं. लेण्यातला बोधिसत्त्व कुणाच्या तरी दिवाणखान्यात शेगडीवरच्या फळीवर जाऊन बसला. कँटनच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळेत कँटनचाच धंदा, फक्त मुंबईच्या हातांनी. ही भांडी सुंदर आहेत असं म्हणताना मी अडखळते. ती चांगली केलेली आहेत, हे नक्की.

रायपूरच्या पंडरीच्या हाटात बस्तरचं धोकरा काम विकायला येतं. कोंडागावचे घडवा कारागीर पूर्वी देवीच्या मूर्ती, दिवे, पायातले तोडे करत. गिऱ्हाईक शेजारच्या गावचं. जयदेव बघेल यांच्यासारख्यांनी हे काम जगभर नेलं. आता मांडणीत मेणबत्तीची घरं असतात, दाराच्या मुठी, पेन ठेवायचे डबे, रुमालाच्या कड्या. मातीच्या गाभ्यावर मेणाची तार गुंडाळायची, वर पुन्हा माती, मग मेण वितळून गेलेल्या जागेत पितळेचा रस: पद्धत तीच. एकदा एका कारागिरापुढे ओळीनं कुत्रे दिसले. लांब कानांचे, आखूड पायांचे. मी थबकले तसा तो हसून म्हणाला, "दिल्ली से फोटू भेजे रहिन, दीदी. हम तो अइसन कुकुर देखे नइ हन." कुत्र्यांच्या अंगावर तारेचं बस्तरी नक्षीकाम होतं आणि जबडे थेट तिथल्या वाघाचे. पन्नास मागवले होते, पाय बसके झाले म्हणून वीस परत आले. ते वीस समोर होते. मग काय करणार, विचारलं. गाळून टाकणार, म्हणाला, पितळ तर मिळेल.

जिंगडेझेनच्या कुंभाराला तेवढंही मिळत नव्हतं. पण मेण, लाकूड आणि वीस कुत्र्यांवर गेलेले दिवस ही गाळून परत येत नाहीत. मी दोन कुत्रे घेतले, हे सांगून पुण्य मिरवायचं नाही. मला ते जबडे आवडले होते.

बाहेरगावच्या वाचकांना एवढंच सांगेन. रायपूरला आलात तर शहरातल्या दुकानांवर थांबू नका. कोंडागाव जगदलपूरच्या रस्त्यावर, इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. घराच्या अंगणातच काम चाललेलं असतं आणि कुणी पाहायला आलं तर हाकलत नाहीत. वस्तू घेताना करणाऱ्याचं नाव विचारून बिलावर लिहून घ्या. आणि नापसंत होऊन परत आलेल्या मालाचा खर्च कोण सोसतं, हेही विचारा. तो खर्च किमतीत धरला आहे असं कळलं, तर घासाघीस करू नका.